कुडामागची विजेची पेटी

“पेटी व्हती म्हनून मूठ मिटली गो. न्हायतर त्या बाळाजीनं आपली पोर आमाला दिली असती व्हय?”

हे येसूबाई शेजारच्या गोदूला सांगत होत्या, चुलीपाशी बसून, हळू आवाजात. जिनं ते ऐकू नये म्हणून आवाज हळू होता ती, म्हणजे नवी सून जनी, कुडाच्या पलीकडे मागल्या दारी भांडी घासत होती. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या आणि वर शेणामातीचा लेप. त्यातून वारा जातो, धूर जातो, बोलणं तर जातंच. जनीचा राखेनं माखलेला हात तपेल्यात तसाच थांबला. मग पुन्हा फिरू लागला, मघापेक्षा थोडा जोरात. लग्नाला आठ दिवस झाले होते.

आणखीही कुणीतरी ते ऐकलं. फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी बसलेली मी. तीच ती पेटी. इतकी वर्षं माझ्याबद्दल सगळे बोलले, आज मी बोलतेय.

मी विजेची पेटी. जन्म दूर विलायतेतला. बाहेरून तांबूस लाकूड, आत घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला लोहचुंबक, त्याच्यापुढे तांब्याच्या तारेची दोन रिळं, आणि कुशीला एक दांडी. दांडी फिरवली की रिळं गरगरतात आणि वीज होते. दिवा लागेल एवढी नव्हे. माणसाच्या हाताला मुंग्या येतील, दांडी जोरात फिरवली तर स्नायू आखडून बोटं मिटतील, एवढीच. माझ्यातून तारेच्या दोन दोऱ्या निघतात, त्यांच्या टोकांना स्पंजाच्या गाद्या आहेत. त्या ओल्या करून अंगाला लावायच्या. माझ्या झाकणाच्या आत एका मडमेचं चित्र चिकटवलेलं आहे. ती या दोऱ्या हातात धरून हसतेय. ती का हसतेय ते मला अजून कळलेलं नाही.

बोटीनं मुंबईला आले, तिथून पेणच्या डॉक्टर टिपणिसांकडे. त्यांच्याकडे माझी बरी चैन होती. झोप न येणाऱ्या वकिलीणबाई, गुडघे दुखणारे इनामदार, अशी मंडळी यायची. डॉक्टर चार फेरे द्यायचे, इनामदार “हाय हाय” करायचे आणि बरं वाटलं म्हणून घरी जायचे. खऱ्या आजाऱ्याची आणि माझी गाठ पडली नव्हती. पुढे वकिलीणबाई मुलाकडे गेल्या, इनामदार देवाकडे गेले, आणि मी कपाटात.

मग पंचावन्न साली शिमग्याच्या सुमाराला काळूरामला बैलगाडीत घालून आणलं.

पेणच्या खाडीकाठचं मिठागरांचं गाव. धर्माजी आणि येसूबाईंचा हा एकुलता एक. धक्क्यावर मचव्यात मीठ भरत असताना शिडाचं लाकूड वाऱ्यानं फिरलं आणि त्याच्या डोक्याला डाव्या बाजूनं बसलं. तीन दिवस शुद्ध नव्हती. महिन्याभरात बोलणं परत आलं, पायही बराचसा आला. उजवा हात आला नाही. खांद्यापासून लोंबायचा, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

डॉक्टरांनी मला कपाटातून काढलं, पुसलं, आणि धर्माजींना समजावलं. “हात शाबूत आहे. मांस आहे, शिरा आहेत. वर डोक्यात जिथून हुकूम सुटतो, तिथे मार बसलाय. हुकूम पुन्हा येईल, कदाचित येणारही नाही. तोवर हात नुसता पडून राहिला तर सुकेल. ही पेटी घेऊन जा. रोज दोन वेळा लावा. आणि काळूराम, पेटी बोटं मिटवेल, पण त्याच वेळी तूही मनानं जोर करायचा. नाहीतर मूठ पेटी मिटेल, तू नाही.”

“आन् गाद्या कशात भिजवायच्या?” येसूबाईंनी विचारलं.

“कोमट पाण्यात. त्यात चिमूटभर मीठ, म्हणजे वीज नीट जाते. चिमूटभरच. आणि पेटीला पाणी लागू द्यायचं नाही. मिठाचं तर मुळीच नाही.”

येसूबाईंना हसू आलं. “डाक्तर, आमच्या घरात मीठ चिमटीनं घालाया सांगताव?”

सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसले असेन. त्या हसण्याची मला पुढे फार आठवण झाली.

हात आला की पेटी परत आणून द्यायची, असं ठरलं. मी अजून परत गेलेली नाही.

पहिल्या वर्षी येसूबाईच दांडी फिरवायच्या. फिरवताना त्यांचं एकीकडे चालूच असायचं: भात लावायचाय, कोंबडी खुडूक झालीय, त्या गोदूला बोलायचा पाचपोच नाही. काळूराम छताकडे बघत पडायचा. बोटं मिटायची, दांडी थांबली की उघडायची. येसूबाई म्हणायच्या, “बघ, मिटली का न्हाय?” तो म्हणायचा, “मिटली.” कुणी मिटली ते दोघंही बोलायचे नाहीत.

मग लग्नाचं निघालं. धरमतरच्या खाडीपलीकडून, पोयनाडच्या बाजूनं, बाळाजी आपल्या मुलीसाठी घर बघायला आले. त्यांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. ओट्यावर बसता बसताच ते म्हणाले, “पावण्यांनू, राग नका मानू. पोराच्या हाताचं लोक काय बाय बोलतान. आपल्या डोल्यांनी बगतो आन् सुपारी फोडतो.”

काळूरामला अंगावर शाल घालून कुडाला टेकवून बसवलं होतं. कणकण आहे, असं सांगितलं. माझ्या दोऱ्या कुडाच्या भोकातून बाहेर काढून शालीखालून त्याच्या हाताला बांधल्या होत्या. कुडाच्या आत मी, आणि माझ्या दांडीवर येसूबाई. माझं चाक घरघरतं, म्हणून गोदूला शेजारी जात्यावर बसवलं होतं. जात्यात दाणे नव्हतेच.

धर्माजींनी मुलाच्या उजव्या तळहातावर सुपारी ठेवली. येसूबाईंनी दांडी फिरवली. माझ्यातून वीज निघाली, बोटं एकेक करून मिटली, सुपारी मुठीत गेली.

“ब्येस!” बाळाजी म्हणाले. आणि जात्याचा आवाज ऐकून खूश होऊन म्हणाले, “घरात दळण बी जोरात हाय.”

काळूरामनं मान वर केली नाही. मुलगा लाजाळू आहे, असं बाळाजींनी घरी जाऊन सांगितलं म्हणे. जनीनंच ते पुढे सांगितलं, हसत. तिचं हसणं असं की समोरच्यानं हसावं का रडावं, ते त्याचं त्यानं ठरवावं.

मला खोटं बोलता येत नाही. मी फक्त वीज देते. पण त्या दिवशी माझ्याकडून खोटं बोलवून घेतलं गेलं. एका बापानं माझी मूठ बघितली आणि आपली मुलगी दिली.

लग्नात काळूरामच्या हाताला हळदीच्या फडक्याची मोठी पट्टी होती. लागलंय, म्हणाले. घरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी जनीला हात कळला. लपणार किती? कळलं नव्हतं ते कुडामागचं, आणि ते आठव्या दिवशी कळलं. भांडी घासून झाल्यावर तिनं ती पालथी घातली, हात धुतले, आत आली आणि म्हणाली, “आत्याबाई, आजपासनं पेटी मी फिरवते.”

येसूबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. सुनेचा चेहरा कोरा होता.

जनी बोलायची नाही, बघायची. चार दिवसांत तिच्या लक्षात आलं की दांडी एकसारखी फिरवली की हात नुसता थरथरतो आणि दमतो. थोडी फिरवायची, थांबायचं, पुन्हा फिरवायची, हे बरं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दांडी फिरवण्याआधी ती हळूच म्हणायची, “आता तुमी.” आणि तो जोर करतो का, हे त्याच्या हाताकडे न बघता त्याच्या कपाळाकडे बघून ओळखायची. कपाळावर आठी नसली की दांडी फिरवायचीच नाही. तो चिडायचा.

“फिरव की.”

“तुमी आधी.”

“माझ्यानं व्हत न्हाय म्हनून तर पेटी हाय ना!”

“पेटी हायच. ती कुटं पळत न्हाय.”

मी खरंच कुठे पळणार होते!

आषाढात एका दुपारी बाहेर धो धो कोसळत होतं, घरात तिघंच होतो: तो, ती आणि मी. सासू-सासरे शेतावर. तो एकदम म्हणाला, “तुझ्या बापानं माझी मूठ बघितली ना? ती माझी नव्हती.”

“ठाव हाय.”

तो उठून बसला. “कवापासनं?”

“लग्नाच्या आठव्या दिवसापासनं.”

“मंग बोलली का न्हाईस?”

“तुमी बोलता का ते बघत व्हते.”

मग त्यानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला. आजवर तो हात दुसरेच उचलून ठेवत. “फिरव,” तो म्हणाला. “आता जोर करतो.”

त्यानंतर त्याच्या कपाळावर रोज आठी असायची.

श्रावण संपता संपता ते झालं. तिनं दांडी थांबवली, माझं चाक थांबलं, बोटं उघडली. आणि मग, माझ्यात काही नसताना, अंगठा हलला. जोंधळ्याच्या दाण्याएवढा. जनीनं दांडीवरचे दोन्ही हात उचलून बाजूला धरले, जणू चोरी करताना कुणी पकडलंय. “पुन्हा,” ती म्हणाली. अंगठा पुन्हा हलला. तिनं आपली करंगळी त्याच्या तळव्यावर ठेवली. अंगठा सरकत सरकत आला आणि तिच्या करंगळीला टेकला.

माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यातली एवढी एकच गोष्ट मला मिरवायची आहे, आणि ती मी केलेली नाही.

येसूबाईंना कळलं तेव्हा त्या दाराच्या चौकटीला धरून रडल्या. पालीच्या बल्लाळेश्वराला नवस बोलल्या. येता जाता माझ्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडू लागल्या. झाकणातल्या मडमेला रोज हळदकुंकू सुरू झालं. ती हसतच होती.

आणि मग खंडेनवमी आली.

मिठागराच्या घरांत त्या दिवशी अवजारांची पूजा असते. मीठ ओढायची लाकडी फावडी, टोपल्या, कुदळी, सगळं अंगणात मांडतात. पूजेसाठी खाडीचं पाणी मुद्दाम उन्हात आटवून ठेवलेलं असतं, इतकं खारट की जीभ चुरचुरावी. त्या पाण्यानं अवजारांना अंघोळ घालतात. ज्याच्यावर पोट आहे त्या पाण्याचाच अभिषेक. लाकडी फावड्याला त्यानं काही होत नाही. उलट लाकूड टिकतं, म्हणतात.

जनी विहिरीवर गेली होती. येसूबाईंनी मला फळीवरून काढलं. ज्या अवजारानं आपल्या मुलाचा अंगठा परत आणला, ते पूजेला नको? त्यांनी मला फावड्यांच्या मधोमध, पाटावर बसवलं. झाकण उघडलं. फुलं वाहिली. आणि दोन्ही हातांनी तांब्या धरून, डोळे मिटून, ते पाणी माझ्यावर ओतलं. अख्खा तांब्या. मग मन भरेना म्हणून दुसरा.

इतक्या मायेनं माझ्या अंगाला आजवर कुणी हात लावला नव्हता. म्हणून मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

जनी घागर घेऊन आली आणि उभीच राहिली. “आत्याबाई, काय केलंत!”

“पूजा केली,” येसूबाई म्हणाल्या. मग त्यांना सुनेचा चेहरा दिसला, आणि डॉक्टरांचं ते चिमूटभर आठवलं असावं. त्या फावड्यांच्या ओळीतच खाली बसल्या.

जनीनं मला उपडं केलं, पदरानं पुसलं, गोड्या पाण्याचं फडकं फिरवलं, उन्हात ठेवलं, चुलीच्या उबेला ठेवलं. पण खारं पाणी रिळांच्या रेशमी वेष्टणातून तारेपर्यंत पोचलं होतं. मीठ एकदा आत शिरलं की बाहेर येत नाही. ते घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. आठवड्यात माझ्या पितळेवर हिरवा गंज चढला. चाक घोगरं झालं. वीज कधी यायची, कधी नाही. जनी पेणला चालत गेली. डॉक्टर टिपणीस मुलाकडे पुण्याला कायमचे गेले होते, दवाखान्याला कुलूप होतं. ती तशीच चालत परत आली.

दिवाळी झाली. मिठागरं वाटायचा दिवस आला.

तिथली रीत अशी: मिठागरांचे मालक, शेठ, घरोघर येतात. ओट्यावर गेल्या सालच्या मिठाची टोपली ठेवलेली असते. मिठागरावर राबणाऱ्या प्रत्येक पुरुषानं उजव्या हातानं मूठभर मीठ उचलून शेठच्या पसरलेल्या रुमालात टाकायचं. त्याला मूठ देणं म्हणतात. कागद नाही, सही नाही. जितक्या मुठी तितक्या कोंड्या, म्हणजे मिठाचे वाफे, त्या घराला. आदल्या साली दुखणं ताजं म्हणून शेठनं काळूरामला सोडलं होतं. यंदा मूठ दिली नाही तर त्याच्या वाट्याचं मिठागर दुसऱ्या घरी जाणार होतं. आणि धर्माजींचे गुडघे आता एका कोंडीचेही उरले नव्हते.

पुन्हा शाल निघाली. दोऱ्या कुडाच्या त्याच भोकातून बाहेर गेल्या. टोपली काळूरामच्या मांडीवर ठेवायची, कोपराला धर्माजी आधार देतील, असं ठरलं. येसूबाईंना शेठच्या समोर उभं राहायला हवं होतं.

“जने, दांडी तू फिरव. जात्यावर गोदू हाय.”

काळूराम म्हणाला, “आये, नको गो पुन्यांदा.” धर्माजी म्हणाले, “मंग खाशील काय? अंगठा?”

त्या दिवशी माझ्यात वीज होती का, तर होती. मला माझं अंग ठाऊक आहे. तीन-चार फेरे तरी नीट निघाले असते, आणि एक मूठ मिटायला तेवढे पुरे होते. हे मी यासाठी सांगते की, पेटी बिघडली म्हणून सुनेला बोलावं लागलं, असं गावात पुढे म्हटलं गेलं. ते खरं नाही.

आता पुढचं आधी सांगून टाकते. जनीच्या बोलण्यानंतर मला काही बोलायचं नाही.

शेठनं एकच कोंडी दिली, तीही खाडीच्या तोंडची, जिथे बांध फुटतो. तीन वर्षं ती दोघांनी ओढली. तो डाव्या हातानं फावडं दाबायचा, ती दोन्ही हातांनी ओढायची. तिच्या तळव्यांना मिठाच्या भेगा पडल्या. बाळाजी एकदा येऊन गेले. घरात पाणीही प्यायले नाहीत. मुलीला “चल” म्हणाले. ती गेली नाही. धर्माजी वर्षभर सुनेशी बोलले नाहीत. येसूबाई मात्र दुसऱ्या दिवशी मला घेऊन बसल्या आणि चिंचेनं माझं पितळ घासत राहिल्या.

अंगठा होता तिथेच राहिला. बाकीच्या चार बोटांना हुकूम आला नाही. माझ्यातली वीज त्याच हिवाळ्यात संपली. हात हळूहळू सुकला, डॉक्टर म्हणाले होते तसा. आणखी एक वर्ष माझ्यात जीव असता तर काय झालं असतं, हा हिशेब मी माळ्यावर पडल्या पडल्या कितीदा तरी करते. उत्तर येत नाही.

आता सन चौसष्ट. माझ्यावर सुक्या माशांच्या टोपल्या असतात. झाकणातल्या मडमेचं हसू मिठानं खाल्लं, डोळे तेवढे राहिलेत. कधीमधी जनी माळ्यावर चढते, फडक्यानं मला पुसते आणि दांडीला एक फेरा देते. काही होत नाही. ती खाली उतरते.

माझ्यासारखी दुसरी पेटी कुणाच्या घरी असेल तर एवढंच मागते: हात येईपर्यंत तिला कोरडी ठेवा, आणि तिनं मिटलेली मूठ कुणाला त्याची म्हणून दाखवू नका.

तर त्या सकाळी शेठ ओट्यावर आले. “काय रे काळूराम, शाल कशाला? थंडी कुठे हाय?” म्हणाले आणि रुमाल पसरून बसले. गोदूनं जातं फिरवायला घेतलं. कुडाच्या आत जनीनं माझी दांडी धरली. बाहेर धर्माजी खाकरले. ती खूण होती. जातं घरघरत राहिलं. दांडी हलली नाही.

धर्माजी पुन्हा खाकरले.

जनीनं दांडी सोडली. दोऱ्यांची टोकं माझ्यापासून एकेक करून सोडवली. गोदूला म्हणाली, “थांबव गो.” जातं थांबलं, आणि एवढी शांतता झाली की ओट्यावरच्यांना कूड किती पातळ आहे ते कळलं असेल. मग डोक्यावरचा पदर नीट करून ती दारातून बाहेर आली. टोपलीत उजवा हात घातला, मूठभर मीठ उचललं आणि शेठच्या रुमालात टाकलं. बाईमाणसानं मूठ दिल्याचं त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. येसूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

जनी म्हणाली, “शेठ, त्यांची मूठ मिटत न्हाय. अंगठा हलतो, तेवढा त्यांचा सोताचा हाय. माज्या बापाला जी मूठ दावली ती आतल्या पेटीची व्हती. आत्याबाई, मामा, मला ते ठाव हाय, कुडाआडून समदं ऐकू येतं. आज मी दांडी फिरवली असती तर उद्यापासनं ती मूठ मलाच फावड्यावर आनाया लागली असती. ती कुटनं आनू? आमा दोगांचे मिळून हात तीन हायेत. तीन हातांचं काय देताव, ते बोला.”